ऑफ की फ्रॉम

ग्रिम्सबीत मंगळवारी संध्याकाळी
धुरावलेल्या हॅडकचा वास जिन्यातून आधी वर येतो,
मग वर्ग येतो.
सातजण. कधी पाचच.
रबरी बूट दाराशी, बोटांच्या पेरांवर बर्फाचे लाल चट्टे.

मी चहा करते, वह्या गोळा करते.
शिकवते ग्लेनिस. सत्तरी ओलांडलेली,
खडू अजून कानामागे खोचलेला.

आजचा धडा : कुठून.
"क्रियापद एकटं बाहेर पडत नाही," ती म्हणते,
"बरोबर कोण आहे ते बघा,
म्हणजे कळेल आलंय कुठल्या घरातून."

मला शाळेतली पंचमी आठवली. ऊन, हून.
तेवढ्यावर भागायचं आमचं :
घरून डबा, गावाहून पत्र, तोंडातून शब्द,
सगळं एकाच दोरीवर वाळत घातलेलं.

इथे दोन दोऱ्या.
ती टेबलावर टिचकी मारते : लाकडाचं. मेड ऑफ.
लाकूड दिसतंय ना अजून? ही गाठसुद्धा. म्हणून ऑफ.
मग वहीचं पान फडफडवते :
हेही लाकडाचंच, पण ओळखा बघू कुठलं झाड.
मेड फ्रॉम.
इतकं बदललं की झाडालाही ओळख पटणार नाही,
तिथे फ्रॉम.

दाइवा अकरा वर्षं मासे कापते इथे.
तिचा हात वर.
"मग मी? क्लाइपेदा दिसतं का माझ्यात अजून?"
वर्ग हसतो.
ग्लेनिस चष्मा कपाळावर सरकवून
खरंच निरखते तिला, जरा जास्तच वेळ.
"माणसांना फ्रॉमच. ऑफ आता
थडग्यांवर राहिलाय," म्हणते,
आणि खिडकीकडे वळते.

खिडकीतून गोदी दिसते.
तिथल्या पितळी पाटीवर तिच्या वडिलांचं नाव आहे,
त्याखाली : ऑफ धिस पोर्ट.
आइसलँडच्या पाण्यात गेले ते. ती चार वर्षांची होती.
हल्ली मासा येतो तो आइसलँडहूनच,
गोठून, कंटेनरात,
खोक्यावर नाव मात्र ग्रिम्सबीचं.
कम फ्रॉम, ती फळ्यावर लिहिते.
खाली रेघ. परत एक रेघ.

मग गाळलेल्या जागा.
डाय कशाने, सफर कशाने, बॉरो कुणाकडून.
कुणीतरी विचारतं, भुकेनं मरायचं तर ऑफ का?
नियम आहे, ग्लेनिस म्हणते.
भूक शेवटपर्यंत दिसत राहते म्हणून असेल,
मी कपात साखर ढवळत मराठीत पुटपुटते.

तेस्फालेम काही विचारत नाही.
मूळचा केरेनचा, शीतगृहात रात्रपाळी.
त्याची वही उचलताना पाहिलं :
आठवं वाक्य खोडून त्यानं स्वतःचं लिहिलंय.
आय हॅव नॉट हर्ड, मग मोकळी जागा,
मग माय ब्रदर, सिन्स मार्च.

फ्रॉम घातला तर : भावाचा फोन नाही,
त्याचा आवाज नाही.
ऑफ घातला तर : कुणी तिसराही बोलला नाही,
की पाहिलं होतं सबहाला,
ट्रकच्या मागच्या फळीवर, निळं जॅकेट.

जागा कोरीच.
ग्लेनिस लाल पेन उघडून उभी राहिली.
"दोन्ही चालतील इथे," म्हणाली हळूच.
"माहितीय, टीचर.
कुठलं आधी चुकतंय ते बघतोय."

खाली कुणीतरी धुराड्याचं दार ओढून घेतलं,
जिना परत वासानं भरला.
तिनं बरोबरची खूण केली नाही, फुलीही मारली नाही.
पेनाला टोपण लावलं,
आणि वही माझ्याकडे दिली, वेगळी ठेव म्हणाली,
ही पुढच्या मंगळवारी बघू.